एका बाराची विद्या

मराठी माणूस आपले मत नुसते सांगत नाही, ठासून सांगतो. मोठ्या गर्जनेनंतर ज्याच्या हातून काहीच घडत नाही त्याच्या आवेशाला तो फुसका बार म्हणतो. आणि स्वतः नामानिराळा राहून वैर साधणारा गृहस्थ बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. भाषेच्या पोटात ज्या शस्त्राची दारू अशी अजून कोरडी राहिली आहे, ते शस्त्र स्वतः मात्र कधीच निवृत्त झाले. कोकणातल्या एखाद्या कौलारू घराच्या पडवीत, घाटावरच्या एखाद्या वाड्याच्या सोप्यात किंवा भंडारा-चांद्याकडील जुन्या मालगुजाराच्या बैठकीत ठासणीची बंदूक खुंटीवर आडवी पडलेली आजही क्वचित दिसते. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती खाली उतरते. तिच्या नळीवरून तेलाचा बोळा फिरतो, दस्त्याला गंधफूल लागते, घरातली मुले क्षणभर भोवती गोळा होतात. आणि मग पुन्हा वर्षभर ती, खुंटी आणि कोळी यांचा एकत्र संसार निर्वेध चालू राहतो.

बखरींमध्ये या बंदुकीला जागा मिळाली ती गारद्यांच्या आणि पलटणींच्या हातातली म्हणून. तिची दुसरी एक कारकीर्द आहे, तिचे दप्तर कोणी फारसे राखले नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने एके दिवशी ती पोराच्या हाती दिली, त्याला बरोबर घेऊन पहाटेच्या काळोखात रानाची वाट धरली, आणि त्या पोराला जन्मात पहिल्यांदा वाऱ्याची दिशा, ओल्या मातीतला माग आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज यांची जाणीव झाली, ती ही कारकीर्द. या दोन गोष्टींचा, म्हणजे बंदुकीच्या सुधारणेचा आणि रानातल्या त्या शिक्षणाचा, परस्परसंबंध पाहू गेल्यास एक विलक्षण प्रकार नजरेस येतो. गेल्या दोनशे वर्षांत बंदूक सुधारत गेली म्हणजे मनात आलेली इच्छा आणि उडालेला बार यांच्यामधला अवकाश आटत गेला. आणि पोराला रान शिकवण्याचे काम नेमके त्याच अवकाशात होत असे. म्हणून ज्यांना ते काम मनापासून करावयाचे होते, त्यांना यंत्राने हिरावून घेतलेला वेळ कोणत्या ना कोणत्या निर्बंधाच्या रूपाने परत आणावा लागला. जुन्या बंदुका जमवणाऱ्याच्या छंदाचे मोल मी या तराजूत करतो.

प्रथम शब्दापासून आरंभ करू. ‘बंदूक’ हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला असला तरी त्याचे मूळ अरबी ‘बुंदुक’ या शब्दात आहे, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ एका जातीचे कठीण कवचाचे गोल फळ असा आहे. त्या फळाच्या आकारावरून मातीच्या गोळीला तेच नाव पडले, गोळी फेकणाऱ्या धनुष्याशी ते जोडले गेले, आणि दारूचा शोध लागल्यावर गोळी फेकणाऱ्या नळीने ते कायमचे बळकावले. म्हणजे गावचा पोरगा आमराईत कैऱ्यांवर नेम धरताना जी गलोल वापरतो, तिचे आणि राजेरजवाड्यांच्या शिलेखान्यातील दुनळीचे कूळ, निदान शब्दकोशापुरते तरी, एकच आहे.

ठासणीच्या बंदुकीचा बार भरणे हा एक विधीच होता. शिंगातली दारू मापून नळीच्या तोंडातून ओतावयाची, तिच्यावर चिंधीचा, काथ्याचा किंवा नारळाच्या सोडणाचा बोळा सारावयाचा, तो घट्ट बसेतो गजाने ठासावयाचा, मग छर्रे सोडावयाचे, आणि नळी खाली कलताच ते ओघळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर पुन्हा एक हलका बोळा बसवावयाचा. एवढे झाल्यावर बंदूक तोड्याची असेल तर कानाजवळच्या पेल्यात रंजक भरून जामगी शिलगवावी लागे. गारगोटीची असेल तर गारेची धार पाहावी लागे. आणि पुढच्या काळातील केपाची असेल तर नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर तांब्याची इवलीशी टोपी नखाने दाबून बसवावी लागे. दारू कमी पडली तर छर्रे पुरते लांब जात नाहीत, जास्त पडली तर नळीच्या जिवावर बेतते, बोळा आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तरी नळी फाटण्याचे भय, आणि पावसाळी हवेत दारूने ओल धरली तर साऱ्या खटाटोपाचा शेवट फुसक्या बारात. हे सगळे उभ्या उभ्या, श्वास आवरून, आवाज न करता करावयाचे. आणि तोवर तित्तिर अथवा ससा आपल्या सोयीसाठी थांबून राहील अशी आशा बाळगावयाची नाही. साहजिकच या बंदुकीच्या धन्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट उमजे, ती ही की आपल्याजवळ बार एकच आहे. ज्याच्याजवळ बार एकच असतो तो उडवण्यापूर्वी पाहतो, आणि ज्याला पुष्कळ पाहावे लागते त्याला हळूहळू पाहण्याचीच गोडी लागते.

या विधीला पहिला धक्का बसला तो एका धर्मोपदेशकाच्या हातून. स्कॉटलंडमध्ये बेलहेल्वी या गावी रेव्हरंड अलेक्झांडर फोर्सिथ नावाचे पाद्री होते. त्यांना उपासनेइतकाच रानबदकांचा नाद होता. गारगोटीच्या बंदुकीत चाप ओढला की आधी पेल्यातली रंजक भपकन पेटे आणि मग, डोळ्याची पापणी लवावी इतक्या विलंबाने, नळीतला बार सुटे. ती पहिली ज्योत पाहून पक्षी सावध होतात आणि छर्रे पोचण्यापूर्वीच दिशा पालटतात, ही पाद्रीबुवांची तक्रार होती. तिच्या निवारणार्थ त्यांनी आघाताबरोबर पेट घेणारे रसायन चापाच्या यंत्रात बसवले आणि १८०७ साली त्या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे केप आली ती याच शोधाची लेक. पाखराला मिळणारी क्षणाची सूचना नाहीशी झाली. मराठी रियासतीचे पर्व संपत आले होते त्याच सुमारास, दूर उत्तरेच्या एका खेड्यात, माणूस आणि पाखरू यांच्यातील एक जुना करार असा गुपचूप मोडला.

त्यानंतरची प्रगती वेगाने झाली. लंडनचा जोसेफ मँटन हा छऱ्याच्या बंदुकीला सुबक रूप देणारा कारागीर. त्याच्या कारखान्यात हात बसलेल्या जेम्स पर्डीने १८१४ साली स्वतःचे दुकान थाटले. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात लफोशे या फ्रेंच कारागिराची मधोमध मोडणारी आणि बुडाकडून काडतूस घेणारी बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली, आणि दहा-पंधरा वर्षांत गज, शिंग व बोळे यांची रवानगी अडगळीत झाली. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या पेढीतील अँसन आणि डीली या दोघांनी बाहेरचा घोडाच काढून टाकला. बंदूक मोडली की आतल्या आत तिचा चाप चढू लागला. त्याच दशकात नळीचे तोंड किंचित आवळून छऱ्यांचा पसारा आटोक्यात आणण्याची युक्ती रूढ झाली. आता भरणे म्हणजे दोन बोटांचे काम उरले, आणि ज्याच्या पदरी नोकरचाकर होते त्याला तेवढेही उरले नाही. दोन माणसे मागे उभी राहून भरलेली बंदूक पुढे करीत आणि रिकामी मागे घेत.

या सोयीची परिणती काय झाली हे पाहण्यासाठी दोन उदाहरणे पुरेत. स्थानिक स्वराज्याच्या ठरावामुळे ज्या व्हाइसरॉय रिपनसाहेबांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते, त्यांचे चिरंजीव, दुसरे मार्क्विस ऑफ रिपन, हे इंग्लंडातील सर्वांत नामांकित नेमबाज. १८६७ ते १९२३ या काळात आपल्या हातून किती पक्षी व प्राणी पडले याची त्यांनी हिशेबनिशी ठेवली आणि ती बेरीज साडेपाच लाखांवर गेली; १९२३ च्या सप्टेंबरात एका सकाळी ५२ पक्षी पाडून झाल्यावर ते त्याच माळावर कोसळून मरण पावले. दुसरे उदाहरण आपल्या देशातले. भरतपूरच्या घना सरोवरावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले, आणि हा आकडा दगडावर कोरून तेथेच उभा केला गेला. तो आजही वाचता येतो. देवळाच्या जीर्णोद्धाराचा किंवा विहिरीच्या दानाचा असावा तसा हा शिलालेख आहे, आणि शिकारखान्याचा जमाखर्च दगडावर कोरण्याची लाज त्या काळी कोणाला वाटली नाही, एवढेच त्यातून कळते.

म्हणून जुन्या बंदुका जमवणाऱ्याला आपण काय जमवतो आहोत याचा विवेक ठेवावा लागतो. संग्राहकाची नजर प्रथम कोरीव कामावर जाते. अक्रोडाच्या दस्त्याचे रेषांचे पदर, पोलादावर कोरलेली वेलबुट्टी, चांदीची पाटी. परंतु मुरलेला संग्राहक नळी उतरवून तिच्या बुडाकडचा भाग पाहतो, कारण बंदुकीचा जन्मदाखला तेथे असतो. लंडनच्या बंदूककारांच्या श्रेणीला १६३७ साली सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमला १८१३ च्या कायद्याने परीक्षागृह स्थापन झाले. तेथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जबर बार काढून ती टिकली तरच तिच्यावर मुद्रा उठवीत. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या दुकानांचे नाव नळीच्या पाठीवर ठळक कोरलेले असले तरी ते पुष्कळदा विकणाऱ्याचे नाव असते; घडवणारा बर्मिंगहॅमच्या एखाद्या गल्लीत अनामिक राहिलेला असतो, आणि त्याचा पत्ता या मुद्राच काय तो सांगू शकतात.

नळीचे अंतरंगही वाचता यावे लागते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, दांड्याभोवती गुंडाळून ठोकलेल्या नळ्या घडत. तेजाबाचा हात फिरवला की तलवारीच्या पात्यावर उठते तशी जोहराची नक्षी तिच्यावर उठे. बेल्जममधील लिएज या शहराने अशा नळ्या जगभर पाठवल्या. त्या काळ्या दारूसाठी घडलेल्या होत्या. नव्या, धूर न करणाऱ्या दारूचा दाब त्यांना सोसेलच असे नाही, आणि त्यांच्या काडतुसाची खोबणही पुष्कळदा आजच्या काडतुसापेक्षा आखूड असते. तेव्हा जुन्या सुंदर नळीत नवे काडतूस घालणाऱ्याला एकाच क्षणी वारसा आणि बोटे या दोहोंवर पाणी सोडावे लागण्याचा संभव असतो. नव्या मुलांना गोंधळात टाकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे बोअरचा आकडा: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची, वीस केल्या तर वीसची. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते. हे उलटे गणित शिकताना मुलाला सहजच कळून जाते की या व्यवहारात मोठेपणाचे माप नेहमीच्या मापाप्रमाणे चालत नाही.

परंतु बंदूक कोणाच्या मुलाच्या हाती येणार, हा प्रश्न कारागिरीचा नव्हता. तो राज्यव्यवस्थेचा होता. १८५७ च्या उठावानंतर मुलुखामुलुखांतून हत्यारे गोळा केली गेली, आणि १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा होऊन बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक ठरला. गोऱ्या लोकांना त्यातून मोकळीक होती. एतद्देशीय रयतेला अर्ज, चौकशी, शिफारस आणि मर्जी या चार पायऱ्या चढाव्या लागत. दक्षिणेत कोडगूच्या लोकांना खास सूट मिळाली; त्यांच्याकडे मुलगा जन्मल्यावर बंदुकीचा बार काढण्याची आणि भाद्रपदाच्या सुमारास कैलपोळ्दच्या सणाला बंदुका मांडून पूजण्याची रीत त्यामुळे अखंड चालू राहिली. आपल्याकडे मात्र डुकरांनी नाचणीचे शेत उलथून टाकले तरी कुणब्याच्या पोराला माळ्यावर बसून डबा वाजवणे आणि गोफण फिरवणे एवढेच स्वातंत्र्य उरले. पीकरक्षणासाठी म्हणून ज्या मोजक्या घरांना ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळाला, त्यांच्या खुंटीवरच ती आज दिसते. तेव्हा बंदुकीच्या निमित्ताने रान शिकलेल्या बालकांच्या ज्या कथा आपण पुढे पाहणार आहोत, त्या सांगताना या न लिहिलेल्या हजारो कथांचे भान सुटता कामा नये.

पहिली कथा कुमाऊँची. नैनितालच्या पोस्टमास्तरांचा मुलगा जिम कॉर्बेट, जन्म १८७५ चा, लहानपणीच पितृछत्राला पारखा झाला. कालाढुंगीच्या हिवाळी घराभोवतीचे जंगल हीच त्याची शाळा. तेथे तो प्रथम बेचकी आणि मग गलोल घेऊन हिंडत असे. स्टीफन डीझ नावाचे गृहस्थ त्या वेळी कुमाऊँच्या पक्ष्यांचा ग्रंथ सिद्ध करीत होते. त्यांना नमुने आणून दिल्याबद्दल या पोराला एक दुनळी ठासणीची बंदूक इनाम मिळाली. इनाम कसले, भंगारच ते: उजवी नळी फाटलेली, दस्ता मोडलेला, आणि नळ्या व दस्ता पितळी तारेने एकमेकांना जखडून धरलेले. चालणारी नळी एकच, ती डावी. चांदनी चौक या गावचा प्रमुख कुंवरसिंग, जो सरकारी दप्तराच्या भाषेत चोरटा शिकारी होता आणि जंगलाच्या भाषेत आचार्य, त्याने ही बंदूक पाहून नाक मुरडले नाही. आता तू पोर राहिला नाहीस, या बंदुकीनिशी कुठेही निर्भय हिंडशील, मात्र त्याआधी झाडावर चढायला शीक, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. बंदूक हाती आली त्या दिवशी पहिला धडा मिळाला तो नेमबाजीचा नव्हता. पळ कसा काढावा आणि उंचावरून कसे पाहावे याचा होता. फाटक्या नळीने बाराची संख्या एकावर आणली होती, बाकीचे शिक्षण गुरूने पुरवले. आणि त्या पोराने ऐकण्याची, माग वाचण्याची, पक्ष्यांच्या इशाऱ्यांवरून न दिसणारे श्वापद ओळखण्याची जी विद्या संपादन केली, ती त्याने १९५३ साली एका पुस्तकात शब्दबद्ध केली. नरभक्षकांचा शिकारी म्हणून जगाला ठाऊक असलेला हा माणूस उत्तरायुष्यात चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन वाघांसमोर बसू लागला, आणि १९३६ साली त्याच मुलुखात देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, ज्याला पुढे त्याचेच नाव देण्यात आले.

दुसरी कथा अमेरिकेची. आयोवा प्रांतातील बर्लिंग्टन या नदीकाठच्या गावी १८८७ साली जन्मलेल्या आल्डो लिओपोल्डला वडिलांनी एक छऱ्याची बंदूक दिली, आणि तिच्याबरोबर एक अट घातली: तित्तिरवर्गातील जो पक्षी ते मारीत असत, तो झाडावर बसलेला असताना मारावयाचा नाही, उडता मारता आला तरच मारावा. बसलेले पाखरू समोर, बंदूक भरलेली, पाहणारे कोणी नाही. आणि तरीही पोराने चाप ओढायचा नाही. येथे बंदुकीत वैगुण्य नव्हते. वैगुण्य वडिलांनी जाणूनबुजून निर्माण केले होते, आणि त्याचे नाव नीती. याच वडिलांनी वसंतातल्या बदकांची शिकार, कायद्याने मनाई होण्यापूर्वीच, स्वतःहून सोडली होती. मुलगा पुढे वनाधिकारी झाला, प्राध्यापक झाला, आणि भूमी व मनुष्य यांच्यातील कर्तव्यसंबंधावर त्याने लिहिलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झाले. शिकाऱ्याच्या आचारधर्माचे वैशिष्ट्य त्याने अचूक हेरले: या खेळाला प्रेक्षक नसतात, म्हणून येथला नियम पाळला की मोडला हे खेळणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीखेरीज कोणाला कळत नाही.

तिसरी कथा आपल्या मुंबईची. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्ये आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. त्या काळी पक्षिशास्त्राचे मुख्य साधन दुर्बीण नव्हते, छऱ्याची बंदूक होते. बारीक छऱ्यांनी पक्षी पाडावयाचा, कातडे सोलून भरावयाचे आणि नावनिशी लावून कपाटात ठेवावयाचे. काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या ॲलन ह्यूम यांनी अशा प्रकारे जमवलेला पक्ष्यांची कातडी व अंडी यांचा सुमारे ८०,००० नमुन्यांचा संग्रह १८८५ साली ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला. ग्रंथासाठी लिहिलेली त्यांची हस्तलिखिते सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेल्याचे त्यांना त्याआधी कळले होते, आणि त्या आघातानंतर त्यांचे मन या विषयातून उडाले.

याच परंपरेच्या उंबरठ्यावर १९०८ साली गिरगावनजीकच्या खेतवाडीतला एक मुलगा येऊन उभा राहिला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढणाऱ्या या पोरक्या भाच्याजवळ हवेची बंदूक होती आणि चिमण्या टिपणे हा त्याचा उद्योग होता. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे धाडले. मिलर्डसाहेबांनी पक्षी ओळखला, आणि कपाटे उघडून भरलेल्या पक्ष्यांच्या रांगा त्या संकोचलेल्या पोराला दाखवल्या. सलीम अली या नावाची कथा तेथून सुरू होते. परंतु मला त्याहून आधीची एक नोंद अधिक बोलकी वाटते. याच मुलाने घरट्याच्या भोकाजवळ दबा धरून सात दिवसांत आठ नर चिमण्या टिपल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी मादीने नवा जोडीदार आणल्याचे वहीत लिहून ठेवले होते. कृत्य क्रूर, पण लिहिणारा हात संशोधकाचा. तित्तिर मोजणाऱ्या मार्क्विसच्या वहीत आणि या पोराच्या वहीत अंतर आहे ते एवढेच की पहिलीत आकड्यापुढे पूर्णविराम आहे आणि दुसरीत प्रश्नचिन्ह. दैवगती अशी की भरतपूरच्या त्या दगडावर कोरलेली तारीख, १२ नोव्हेंबर, ही सलीम अलींची जन्मतारीख; आणि तेच सरोवर पक्ष्यांसाठी राखले जावे म्हणून पुढे त्यांनीच आपली प्रतिष्ठा पणाला लावली.

या तिन्ही कथांत एक माणूस बाजूला उभा आहे, त्याच्याकडे आता वळले पाहिजे. कुंवरसिंगाची जात सर्वत्र होती आणि सर्वत्र चोर ठरली होती. आपल्याकडे फासेपारध्याला तित्तिराची साद घालून तित्तिर बोलावता येई, गोंडाला पानावरच्या ओरखड्यावरून अस्वल कधी गेले ते सांगता येई. पण साहेबाच्या शिकारीच्या वर्णनात हा माणूस ‘माझा वाटाड्या’ एवढ्याच नावाने येतो, आणि पारध्यांसारख्या जमातींवर तर गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्काही बसला. ज्याला बंदुकीचा परवाना नव्हता त्याच्याजवळच रानात शिरण्याचा खरा परवाना होता. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने या लोकांच्या पायाशी बसून त्यांचे शब्द आणि त्यांचे ज्ञान मराठीत आणले, तेव्हा त्या ऋणाची थोडीशी फेड झाली.

शिकारीच्या युगाचा शेवट झाला तो पश्चात्तापाने झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. रान आटले म्हणून तो झाला. या देशातले अखेरचे मूळचे चित्ते म्हणून ज्यांची नोंद सांगितली जाते ते तीन नर, १९४७ च्या अखेरीस मध्य भारतातील कोरिया संस्थानात, एकाच रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात मारले गेले. ठासणीची बंदूक घेऊन पायी जाणाऱ्याच्या हातून हे घडणे शक्य नव्हते. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला, १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९७२ च्या केंद्रीय कायद्याने सरसकट शिकारीवर पडदा टाकला. तरुणपणी बंदूक घेऊन माळरान तुडवलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे नागझिऱ्यात जाऊन राहिले ते केवळ पाहण्यासाठी. एका पिढीच्या मनात झालेले स्थित्यंतर त्यांच्या एकट्याच्या प्रवासात वाचता येते.

मग बंदुकीचे करावयाचे काय? जी जुन्या धर्तीची आहे, जिला केवळ पुरातन वस्तू म्हणून मोल आहे, आणि जी दुरुस्त करूनही चालणार नाही, तिला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे; जी चालण्याजोगी आहे तिचा परवाना वारसाला नव्याने मिळवावा लागतो, आणि त्या खटपटीला कंटाळून पुष्कळ घरे ती ठाण्यात जमा करून मोकळी होतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवून पिढ्यांचे घर जसे वाचवले, तसे कोणी दारूची शिंगे, मापे, गज आणि केपांच्या डब्या जमवील तर पाहण्याच्या एका लुप्त शाळेचे साहित्य वाचेल. अशा संग्राहकाने मुलाला बंदूक दाखवताना नेम कसा धरतात हे आधी दाखवू नये. बार भरण्याचा विधी सावकाश, रिकाम्या हातांनी, पायरीपायरीने करून दाखवावा, आणि या साऱ्या वेळात समोरचे पाखरू काय करीत असेल, असे त्याला विचारावे.

त्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिवाणखान्यात मिळत नाही. ते मिळण्याची एक जागा आपल्याकडे अजून आहे. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील कित्येक जंगलांत पाणवठ्यांवर मचाणे बांधली जातात, आणि दुपार कलताना वर चढलेली माणसे दुसऱ्या दिवशीची उन्हे येईपर्यंत तेथे बसून पाण्यावर आलेल्या जनावरांची नोंद करतात. मचाण शिकाऱ्याचेच, बांधण्याची रीत तीच, वाऱ्याचा हिशेब तोच, बोलायचे नाही हा दंडक तोच. मोह तेवढा नवा आहे. शिकाऱ्याच्या हाती एक बार होता, आजच्या पोराच्या खिशातल्या यंत्रात हजार आहेत, आणि सांबराने पाण्याला तोंड लावण्यापूर्वीच ते खटाखट उडवण्याची त्याची बोटे शिवशिवतात. अशा वेळी शेजारी बसलेला जाणता माणूस काही बोलत नाही; तो त्या पोराच्या मनगटावर हात ठेवतो, आणि सांबर मान वर करून, कान फिरवून, पुन्हा पाण्यावर वाकेपर्यंत तो उचलीत नाही.